दीपा बरी असल्याची कॅसेट

माझ्या मुलीचं पुण्यानुमोदन ठरल्याची बातमी मला ऑफिसातल्या फोनवर मिळाली. पुण्यानुमोदन म्हणजे माणूस गेल्यावर आमच्या लोकांत विहारात जो कार्यक्रम होतो तो. त्रिशरण-पंचशील होतं, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलले जातात आणि मग पंगत बसते. त्यात गैर काहीच नाही. फक्त आमची दीपा गेलेली नव्हती. म्हणजे गेली होती, पण अमेरिकेला.

ओहायो नावाच्या राज्यात ती कंप्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायच्या कामावर होती. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कंप्युटर स्वतःला एकोणीसशे सालात समजतील अशी तेव्हा भीती होती, आणि ती निस्तरायला आमच्या सावेडीतून एक मुलगी गेली होती. हे मी जिल्हा परिषदेत बऱ्याच जणांना सांगितलं होतं. ज्यांना मी सांगितलं नव्हतं त्यांना भारतीनं, माझ्या बायकोनं, भाजी घेता घेता सांगितलं होतं. आदल्या रविवारीच दीपा आमच्याशी फोनवर बोलली होती. बर्फ पडतंय म्हणाली, भात चिकट होतो म्हणाली. मेलेली माणसं भाताबद्दल तक्रार करत नाहीत.

फोन केला होता बायडाबाईंनी, आईला आत्या म्हणणाऱ्या शेजारणीनं, गावातल्या एसटीडी बूथवरून. "परवीनभाऊ, आत्यानं पुढच्या पुनवेला विहार धरलाय. दीपाचं कार्य करायचं म्हनत्यात," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "तुमी तिकडं शहरात उरकलं का काय?" आणि माझं उत्तर न ऐकताच रडायला लागल्या. बूथवर पुढचा माणूस उभा असावा, कारण रडणं अर्ध्यातच तुटलं.

आमचं गाव हिवरे बाजारच्या पलीकडं, डोंगराच्या मागं. हिवरे बाजारनं पाणी अडवलं, झाडं लावली, नाव कमावलं. आमच्या गावानं आजवर फक्त एकमेकांच्या वाटा अडवल्या. तिथं माझी आई, भागिरथी, एकटी राहते. वडील गेल्यावर मी तिला सावेडीला यायचं पुष्कळ सांगितलं, पण कुणी न्यायला आलेल्या गाडीत ती बसत नाही. तिचा भाऊ मुंबईला गिरणीत वारला तेव्हा घरच्यांनी "बरा आहे, बरा आहे" असं सांगत तिला जीपमध्ये घातलं आणि कल्याणच्या पुढं गेल्यावर खरं सांगितलं. तेव्हापासून "बरं आहे" हे शब्द तिच्या लेखी मर्तिकाचे आहेत, आणि न्यायला आलेली गाडी म्हणजे तिरडीची धाकटी बहीण.

मी संध्याकाळच्या एसटीनं गावी गेलो. आई ओट्यावर बसली होती. रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. दीपाचा फोन बूथवर आला होता, ती स्वतः जाऊन बोलून आली होती, तरी हे काय खूळ, असं मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "मी म्हनलं 'कशी हायस गं', तर तिकडनं बी 'कशी हायस गं'. मी म्हनलं 'जेवलीस का', तर तिकडनं बी 'जेवलीस का'. ती दीपा न्हाई, परवीन. माझंच बोलनं कुनीतरी मला माघारी देत हुतं."

परदेशी फोनला असा घुमारा येतो, आपलाच आवाज फिरून आपल्याला ऐकू येतो, हे मी तिला समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग दीपा काय बोलली?" तसं बघितलं तर बोलणं दीपाशी झालंच नव्हतं, नुसतं घुमाऱ्याशी झालं होतं. अंधार पडत होता. समोरच्या डोंगरावरून कुणीतरी गुरांना हाक मारली आणि ती हाक दुसऱ्या अंगानं परत आली. आईनं माझ्याकडं असं बघितलं, की बघ, ऐकलंस ना.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या घरात भुतंखेतं नाहीत. छपन्न सालच्या दीक्षेनंतर वडिलांनी, रंभाजींनी, देव्हारा, नवस, लिंबू, उतारा हे सगळं एका पाटीत भरून घराबाहेर काढलं, त्यात भुतंही गेली. आई त्यांच्याहून कडक. गावात कुणाला लागिर झालं तर ती जाऊन त्याला ताक पाजून यायची. त्यामुळं दीपाचं भूत झालंय असं तिचं म्हणणंच नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. पोरगी गेलीय, तुम्ही लपवताय, आणि तिच्या जागी फोनवर दुसरंच कुणीतरी बोलतंय. कोण, ते ती म्हणत नव्हती. न म्हणण्यामुळं माझ्या मानेवर जे काही आलं त्याला मी डोंगरावरचा गारठा म्हणतो.

सावेडीत आल्यावर मी चूक केली आणि ही हकीगत शेजारच्या आप्पासाहेबांना सांगितली. आप्पासाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर सल्ल्याच्या खात्यात पूर्णवेळ रुजू झाले होते. त्यांनी पहिला उपाय काढला तो हयातीच्या दाखल्याचा. पेन्शनीसाठी माणूस जिवंत असल्याचा जसा दाखला मिळतो तसा दीपाचा काढा, त्यावर गोल शिक्का घ्या आणि आईसमोर ठेवा. गोल शिक्क्यापुढं कुणाचं चालत नाही, असं त्यांचं आयुष्यभराचं निरीक्षण होतं.

मी एका कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्जदार कुठं आहे विचारलं. मी अमेरिकेत म्हणालो. ते म्हणाले, हयातीच्या दाखल्याला माणूस समक्ष उभा लागतो. मी म्हणालो, समक्ष उभी असती तर मी दाखला मागितला असता का. त्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "मृत्यूचा हवा असेल तर बोला. त्याला माणूस हजर लागत नाही." मी सतरा वर्षं वरिष्ठ सहायक म्हणून लोकांना खिडकीतून परत पाठवलं आहे, पण इतक्या सभ्यपणे मलाही जमलेलं नाही.

मग दीपानंच फोनवर मार्ग सुचवला. तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीकडं कंप्युटरला लावायचा छोटा कॅमेरा होता. तिकडून ती कॅमेऱ्यासमोर बसून बोलणार, इकडं कंप्युटरच्या पडद्यावर ती दिसणार आणि ऐकूही येणार. तिला आम्ही दिसणार नव्हतो, कारण आमच्याकडं कॅमेरा नव्हता. प्रश्न एकच होता. आई सावेडीला येणार नाही आणि कंप्युटर गावी जाणार नाही. म्हणजे हा दिसणारा फोन कॅसेटवर उतरवून आईपुढं नेला पाहिजे.

कंप्युटर आप्पासाहेबांकडं होता. त्यांच्या मुलानं पुण्याला नवा घेतला आणि जुना बापाकडं टाकला, जसं लोक जुना कुत्रा टाकतात. आप्पासाहेब त्याच्यावर रोज पत्ते खेळत आणि त्याला इंटरनेट म्हणत. खरं इंटरनेटही होतं, पण ते लागायला बराच वेळ फोनमधून कुणीतरी गळा आवळल्यासारखं किंचाळायचं. पडद्यावरचं चित्र उतरवून कसं घ्यायचं हे कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकानं सांगितलं. एकानं पडद्याचा फोटो काढा म्हटलं, एकानं टीव्हीची वायर कंप्युटरला जोडा म्हटलं. शेवटी भारतीनं लग्नाचं शूटिंग करणाऱ्या श्रीमंतला बोलावलं. श्रीमंत म्हणाला, त्यात काय अवघड आहे, नवरी हलते तरी मी उतरवतो, हा तर डबा एका जागी बसलेला आहे.

रविवारी सकाळी आप्पासाहेबांच्या हॉलमध्ये आमची अर्धी कॉलनी जमली. दीपाकडं तेव्हा शनिवारची रात्र होती. आपल्याकडं सकाळ असताना तिच्याकडं अजून कालचा दिवस चालू असतो, हे मला नेहमी जरा अडचणीचं वाटतं. श्रीमंतनं तीन पायांवर कॅमेरा उभा केला, त्याचा लग्नातला झगझगीत दिवा पेटवला, आणि पडद्यात आमची सगळ्यांची तोंडं उमटली. दिवा विझवायला लावला, पडदे ओढले. खोली अंधारी झाली. गळा आवळल्याचा आवाज झाला, थांबला, आणि पडद्याच्या मधोमध काडेपेटीएवढ्या चौकटीत आमची मुलगी आली.

खरं सांगायचं तर मीही तिला ओळखलं नाही. चेहरा निळसर होता, डोळ्यांच्या जागी दोन सावल्या. आवाज आधी यायचा आणि ओठ मागाहून हलायचे. "पप्पा, ऐकू येतंय का?" हे ऐकू आलं तेव्हा तिचं तोंड मिटलेलं होतं. ते उघडलं तेव्हा शांतता होती. शेजारच्या काकूंनी हात जोडले, मग कुणी बघितलं नसावं अशा बेतानं खाली घेतले. दीपा म्हणाली, "आजी, मी बरी आहे." मी कपाळावर हात मारला. हे दोन शब्द सोडून काहीही बोल, असं तिला बजावायचं राहून गेलं होतं. तेवढ्यात चित्र डोळे मिटलेल्या अवस्थेत थिजलं, आवाज पाण्यातून आल्यासारखा लांबला आणि सगळं बंद पडलं. पडद्यावर लाइन तुटल्याची पाटी आली. ती आप्पासाहेबांनी वाचली, मी वाचली, आणि न वाचणाऱ्यांना वाचून दाखवली.

पुन्हा लावून बघितलं, लाइन मिळाली नाही. सगळे बाहेरच्या खोलीत चहाला गेले. श्रीमंत कॅमेरा बंद करायचा विसरून गेला, असं तो नंतर म्हणाला.

दोन दिवसांनी त्यानं कॅसेट आणून दिली. मी ती घरी लावली आणि पहिल्यांदा सनई ऐकू आली. श्रीमंतला मिक्सिंगशिवाय कॅसेट हातावेगळी करवत नसे. सुरुवातीला गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, त्यातून "कु. दीपा" अशी अक्षरं फिरत आली, आणि मग दीपाचं ते निळं, डोळे मिटलेलं तोंड आलं, ज्याभोवती त्यानं झेंडूच्या फुलांची गोल चौकट टाकली होती. भारतीनं भिंतीकडं बघितलं. भिंतीवर वडिलांचा फोटो आहे, त्याला घातलेला हार आणि कॅसेटमधला हार यांत काडीचा फरक नव्हता. मी श्रीमंतला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, चित्र फार लहान होतं, कडेला मोकळं दिसत होतं, म्हणून भरलं. चौकट काढता येणार नव्हती. पौर्णिमा जवळ आली होती.

कॅसेट तिथं संपायला हवी होती, पण संपली नाही. सनई थांबली. अंधारी खोली, कंप्युटर, आणि चौकटीत दीपा. आवाज नव्हता. बाहेरच्या खोलीतल्या कपबश्या तेवढ्या वाजत होत्या, मध्येच मी आप्पासाहेबांना साखर कमी म्हणताना ऐकू येत होतो. म्हणजे हे आम्ही उठून गेल्यानंतरचं होतं. दीपाचे डोळे आता उघडे होते. ती जरा पुढं झुकून बसली होती, कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी. मध्येच मान हलवायची. मध्येच थोडं हसायची. मग पुन्हा ऐकायची.

आप्पासाहेबांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, लाइन परत जुळली असेल. मी म्हणालो, लाइन तुटल्याची पाटी तुम्हीच मोठ्यानं वाचली होती, ती इथं का दिसत नाही? त्यांनी चष्मा पुसला. पाटीही मागाहून गेली असेल, असं म्हणाले, आणि चहा न घेता घरी गेले. आप्पासाहेब आमच्याकडून चहा न घेता गेल्याचं दुसरं उदाहरण नाही. त्या दिवसापासून त्यांनी कंप्युटरवर चादर टाकली. धूळ फार बसते, असं कारण सांगितलं.

दीपाला फोनवर विचारावं असं भारतीचं म्हणणं होतं. मी नको म्हणालो. एकटी पोर, परक्या मुलखात, तिला काय विचारायचं? फोन बंद झाल्यावर तू कुणाशी बोलत होतीस, असं?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमचा छोटा टीव्ही, व्हीसीआर आणि श्रीमंत यांना जीपमध्ये घालून आम्ही गावी गेलो. जीप मी वेशीबाहेरच थांबवली, नाहीतर आई दार लावून बसली असती. टीव्ही डोक्यावरून नेला. विहारात पंगतीची पातेली येऊन पडली होती. दुपारची वेळ, वीज होती. आईच्या खोलीत बायकापोरं दाटून बसली, बायडाबाई सगळ्यांत पुढं. श्रीमंतनं कॅसेट लावली.

पाकळ्या पडल्या. सनई वाजली. झेंडूच्या हारात दीपाचं मिटल्या डोळ्यांचं तोंड आलं, आणि बायडाबाईंनी गळा काढला. मागून एकेक करून सगळ्या बायका रडायला लागल्या. विहारातला माणूस दारात येऊन टोपी काढून उभा राहिला. दीपाचं "आजी, मी बरी आहे" त्या गलक्यात बुडून गेलं, हे एक बरं झालं. मी ओरडून सांगत होतो की ही सजावट आहे, लग्नाची सजावट आहे. त्यावर एक म्हातारी म्हणाली, लग्न बी व्हायचं राहिलं पोरीचं. आणि रडण्याला नवा जोर आला. मी आयुष्यात खूप सभा बघितल्या, पण माझ्या एका स्पष्टीकरणानं इतकं पाणी कुठंच निघालं नव्हतं. श्रीमंत मात्र खूश दिसत होता. त्याच्या कामाचा असा परिणाम आजवर फक्त पाठवणीच्या प्रसंगाला व्हायचा.

आई रडली नाही. ती भिंतीला टेकून बघत होती. सनई थांबली, अंधारी खोली आली, दीपानं डोळे उघडले. मी व्हीसीआर बंद करायला हात पुढं केला, तर आई म्हणाली, "थांब."

ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. बायका गप्प झाल्या. काचेतून दीपा थोडी पुढं झुकून तिच्याकडं बघत होती.

"जेवलीस का?" आईनं विचारलं.

दीपानं मान हलवली.

हा योगायोग होता, हे मी तेव्हाच मनात धरलं. कॅसेट आधीची, प्रश्न आताचा, मान कधी ना कधी हलणारच होती. आईनं पुढं विचारलं, थंडी लई हाय का तिकडं. दीपानं खांद्यावरची वेणी पाठीमागं टाकली आणि दोन्ही हात जवळ घेतले. आई म्हणाली, तुझ्यासाठनं गोधडी शिवतीया, माणूस गावलं की धाडते. दीपा हसली. मग बराच वेळ आई काहीच बोलली नाही आणि दीपाही हलली नाही, दोन बायका एकमेकींसमोर बसून काम नसताना जशा निवांत असतात तशा. पट्टी संपली, पडद्यावर मुंग्या आल्या.

आई माझ्याकडं वळून म्हणाली, "जित्ती हाय. जेवली म्हनती." आणि चुलीकडं गेली. त्या दिवशी तिनं बऱ्याच दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली. पंगतीची पातेली परत गेली. बायडाबाईंना मात्र ते फारसं रुचलं नसावं. जाताना दारात थबकून त्यांनी मला विचारलं, "भाऊ, ती आत्याचं ऐकत हुती का वो?" मी हसून उडवून लावलं. माझं हसू मलाच जरा मोठ्यानं ऐकू आलं.

टीव्ही न् कॅसेट आईनं ठेवून घेतली. तिला व्हीसीआर लावायला श्रीमंतनं शिकवलं. कुठलंही यंत्र न चालवलेली माझी आई एका दुपारीत शिकली. मग गावाकडून येणारी माणसं निरोप सांगायला लागली, की आत्या रोज तिसऱ्या प्रहरी नातीशी बोलत बसत्यात. लोक आधी बाहेरून ऐकायचे, नंतर त्या वेळेला त्या घरावरून जायचे टाळायला लागले. मला ऑफिसात कुणी विचारलं, तर "म्हातारं माणूस आहे ती" असं म्हणायचो.

एकदा आईनं बूथवरून फोन केला. दीपाला खोकला झालाय, काढा घ्यायला सांग, एवढंच बोलली. तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, तिनंच. रविवारी दीपाचा फोन आला तेव्हा ती खोकत होती. थंडीत कोण खोकत नाही. मग महिन्याभरानं निरोप आला की पोरगी दुसऱ्या घरात गेली, खिडकी मोठी हाय तिथं. दीपानं त्याच आठवड्यात नवीन पत्ता कळवला. मी भारतीला म्हणालो की तरुण माणसं घर बदलतच असतात. भारतीनं माझ्याकडं बघितलं आणि कणीक मळत राहिली. "मी कुठं काय म्हणतेय," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये दीपाला सुट्टी मिळाली आणि जयंतीला ती घरी आली. तिला उतरवून घ्यायला मी मुंबईला गेलो. विमानतळाच्या दारातून बाहेर आली तेव्हा माझी नजर तिच्यावरून एकदा सरकून पुढं गेली. तिनं केस कापले होते. मानेपर्यंतही नव्हते. भारतीनं घरी आल्यावर त्यावरून तिला जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग जवळ घेऊन रडली.

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. गावात निळ्या पताका लागल्या होत्या, विहाराला नवा रंग दिला होता. आईनं दीपाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, गाल, कान, हनुवटी, जसं अंधारात माणूस ओळखतात. मग डोक्यावरून हात फिरवला आणि तिचा हात मानेपाशी थांबला.

"येनी कुठं गेली?"

"कापली, आजी. तिकडं रोज धुवायला वेळ होत नाही."

"कवा?"

"झाले की आता बरेच दिवस. गेल्या दिवाळीच्या आधीच."

मी भारतीकडं बघितलं. भारती माझ्याकडं बघतच होती. आप्पासाहेबांच्या हॉलमधला रविवार दिवाळीनंतरचा होता. पण आईनं फक्त "व्हय का" म्हटलं, दीपाला जवळ बसवलं आणि तिच्या पानात तूप वाढलं.

जेवण झाल्यावर दीपानंच हट्ट धरला. जिच्यामुळं तिचं कार्य टळलं ती कॅसेट तिला बघायची होती. मी टाळायचा प्रयत्न केला, वीज जाईल म्हणालो. वीज गेली नाही. पाकळ्या पडल्या, सनई वाजली, हार आला. दीपा पोट धरून हसली. श्रीमंतला अमेरिकेत नेलं पाहिजे, म्हणाली. मग ती अंधारी खोली आली.

दीपाचं हसणं हळूहळू थांबलं. ती बघत राहिली. पडद्यावरची पुढं झुकून ऐकत होती, खांद्यावरून पुढं आलेल्या वेणीशी बोटांनी चाळा करत होती. आई सवयीनं टीव्हीजवळ सरकली आणि तिनं हळू आवाजात विचारलं, "जेवलीस का?" पडद्यावरच्या मुलीनं मान हलवली. इकडं माझ्या शेजारी बसलेल्या मुलीचा हात माझ्या हातात आला. तो गार होता.

"पप्पा," ती माझ्या कानाशी म्हणाली, "त्या दिवशी लाइन तुटली आणि मी कॅमेरा काढून मैत्रिणीला परत दिला. लगेच."

काय बोलणार? घुमारा म्हणू, की सजावट?

निघायच्या आधी मी आईला म्हणालो की आता दीपा प्रत्यक्ष भेटली, टीव्ही घेऊन जातो, सावेडीला लागतो. आईनं पदर खोचला आणि टीव्हीसमोर येऊन उभी राहिली. माझ्याशी भांडायला ती अशीच उभी राहते. पण भांडली नाही. म्हणाली, "मंग ती कुठं जाईल?"

मला वाटलं दीपा घाबरेल. दीपा बराच वेळ तिच्या आजीकडं बघत राहिली, एकट्या खोलीकडं, चुलीकडं, एकाच ताटाकडं. मग म्हणाली, "राहू द्या, पप्पा. मी परवा परत जाणार. तुम्ही सणावाराला येणार. आजीजवळ कुणीतरी असू दे."

आम्ही निघालो. आई विहिरीपर्यंत सोडायला आली, दीपाचा पुन्हा एकदा चेहरा चाचपला, आणि उन्हातनं माघारी फिरली. आम्ही स्टँडजवळ पोचलो तेव्हा दीपाला आठवलं की तिची पाण्याची बाटली घरीच राहिली. मी आणतो म्हणालो आणि परत गेलो.

दार लोटलेलं होतं. आत टीव्हीचा निळा उजेड हलत होता. मी हाक मारणार तेवढ्यात आईचा आवाज आला, शेजारणीला सांगावं तसा, दिलखुलास.

"गेली बाई. लई वाळलीया. केस बी कापून बसलीया, तुझ्यावानी न्हाई ठेवले." मग ती थांबली. उत्तर ऐकायला माणूस जेवढं थांबतो तेवढी थांबली. आणि मग आई हसली. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

मी बाटली न घेता तसाच मागं फिरलो.

स्टँडवर एसटी लागली होती. दीपानं रिकाम्या हातांकडं बघून विचारलं, आजी झोपली का. मी म्हणालो, नाही, बोलत बसली आहे.

"कुणाशी?"

"तुझ्याशी," मी म्हणालो आणि गाडीत चढलो.